जेत्याची बखर : कुस्तीच्या धंद्याचे आत्मकथन आणि साक्षीचा प्रश्न

स्वतःचा इतिहास सांगण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाकारता येत नाही. परंतु त्या इतिहासाची साधनेही जर तिच्याच मालकीची असतील, तर त्या कथनाला इतिहास म्हणावे काय? हा प्रश्न जितका वाङ्मयप्रकाराचा तितकाच नीतीचाही आहे. अमेरिकेतील वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट (२००२ पूर्वीची वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन) या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीने आपल्याच भूतकाळावर काढलेले माहितीपट या दृष्टीने विचारार्ह आहेत.

रोलां बार्थने 'मिथॉलॉजीज' (१९५७) या ग्रंथाच्या पहिल्याच निबंधात अशा कुस्तीला खेळ न मानता प्रेक्षणीय प्रयोग मानले. निकाल आधी ठरलेला आहे किंवा नाही याची तिच्या प्रेक्षकाला फिकीर नसते, असे त्याचे प्रतिपादन होते. मराठीत संगनमताच्या लढतीला 'नूरा कुस्ती' म्हणतात आणि त्या शब्दातच निंदा अध्याहृत असते. शहापूर-मुरबाडकडील गावजत्रेच्या आखाड्यात नूरा खेळणारा मल्ल प्रेक्षकांना फसवतो, कारण तेथील अलिखित करार खऱ्या लढतीचा असतो. बार्थच्या आखाड्यात तीच गोष्ट फसवणूक ठरत नाही. १९८९ साली तर कंपनीनेच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपल्या लढती म्हणजे करमणूक असल्याचे मान्य केले. म्हणजे येथे असत्य ठरते ते केवळ विधानाच्या स्वरूपावरून नव्हे, तर प्रेक्षकाशी असलेल्या कराराच्या भंगामुळे.

माहितीपटात मात्र हा करार बदलतो. मल्ल मुखवटा उतरवून खुर्चीत बसतो, पडद्यामागचे सांगतो, आणि ही कबुलीच त्याच्या खरेपणाची हमी बनते. या हमीचे मोल काय, हे 'अल्टिमेट वॉरियर' या मल्लाच्या उदाहरणावरून तपासता येते. कंपनीशी त्याचे बिनसले असताना, २००५ साली, त्याच्या 'आत्मनाशा'चा माहितीपट निघाला. त्यात जुन्या सहकाऱ्यांनी त्याच्या कौशल्याची आणि वर्तनाची यथेच्छ टवाळी केली. पुढे समेट झाला. ५ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने त्याला आपल्या मानकऱ्यांच्या मालिकेत बसविले. तीनच दिवसांनी तो वारला. त्यानंतर त्याच्या गौरवाचे माहितीपट निघाले आणि २०१५ पासून त्याच्या नावाने पुरस्कारही दिला जाऊ लागला. माणूस तोच, लढतींची चित्रफीतही तीच. निवाडा तेवढा उलटला. या दोन निवाड्यांच्या दरम्यान बदलले ते प्रामुख्याने मालकाशी असलेले नाते. दोहोंपैकी एक निवाडा खराही असू शकेल. परंतु जो निवाडा नात्याबरोबर फिरतो, तो खरा असला तरी त्याला साक्ष म्हणता येत नाही.

मराठी वाचकाला येथे बखरीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली, आणि ती आज्ञा त्याने लपविली नाही. वि. का. राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर आक्षेप घेतले आणि अस्सल कागदपत्रांचा आग्रह धरला. हा उपाय शक्य झाला, कारण ती कागदपत्रे गावोगावच्या घराण्यांत, अनेक दप्तरांत विखुरलेली होती. कुस्तीच्या कंपनीने हा विखुरलेपणाच संपवत आणला. २००१ साली तिने वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग हा प्रतिस्पर्धी विकत घेतला आणि त्याबरोबर त्याचा चित्रफितींचा संग्रहही. याच प्रतिस्पर्ध्याच्या कार्यक्रमाने १९९६ ते १९९८ या काळात सलग ८० हून अधिक आठवडे प्रेक्षकसंख्येत कंपनीला मागे टाकले होते. २००४ च्या माहितीपटात कंपनी हे मोकळेपणाने सांगतेही. पण पराभवाची ही कबुली अंतिम विजयाची प्रस्तावना म्हणूनच येते. येथे बखरकार आणि दप्तराचा मालक एकच आहे.

यावर असा आक्षेप येईल की निवड तर प्रत्येक इतिहासात असते. आक्षेप योग्य आहे. पण निवड करणे वेगळे आणि साक्ष मागे घेण्याची सत्ता हाती असणे वेगळे. नोव्हेंबर १९९७ मध्ये माँट्रियल येथे ब्रेट हार्टला अंधारात ठेवून लढतीचा निकाल फिरविला गेला. त्या वेळी पॉल जे या बाहेरच्या दिग्दर्शकाचे चित्रीकरण चालू होते. १९९८ साली प्रदर्शित झालेला त्याचा माहितीपट निःपक्ष आहे असे नव्हे. तो हार्टच्या बाजूने झुकतो. त्याचे मोल एवढेच की कंपनीला तो रद्द करता आला नाही.

मौन मात्र नेहमीच दोषास्पद नसते. जून २००७ मध्ये ख्रिस बेन्वाने पत्नीची व मुलाची हत्या करून आत्महत्या केली. कंपनीने आरंभी त्याला श्रद्धांजली वाहिली; सत्य उघड होताच त्याचे नाव आपल्या कथनातून जवळपास पुसले. मारेकऱ्याचा गौरव थांबविणे उचितच होते. परंतु त्याच पुसण्यात, मल्लांच्या मेंदूवर बसणाऱ्या आघातांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही दृष्टिआड होतो. मृतांचा मान आणि मालकाची सोय एकाच मौनात नांदू शकतात, आणि त्यांना वेगळे करणारा आवाज घरातून येण्याची शक्यता कमीच.

गावजत्रेतील कुस्तीला दप्तर नसते. पाठ लागली की नाही यावर पाहणाऱ्यांची मते वर्षानुवर्षे भिन्न राहतात. ही स्मृती सदोष आणि पक्षपातीही असते. परंतु ती कोणा एकाच्या कुलपात नसते. संस्थेने आपली बखर अवश्य लिहावी. तिची नैतिक कसोटी मात्र तिच्यात किती खरे आहे एवढ्यावर भागत नाही. तिला खोटे पाडू शकेल अशी साक्ष तिने बाहेर शिल्लक ठेवली आहे काय, हेही पाहावे लागते.