कवडीचे मोल

मोल हा वस्तूचा गुण, की घेणाऱ्याच्या मनाचा? शास्त्री मंडळी यावर रात्र जागवतील. आपण साध्या कवडीलाच विचारू.

कवडी म्हणजे उष्ण समुद्रातल्या एका लहानशा गोगलगायीचे कवच. जिवंतपणी तिचे मऊ अंग दोन्ही बाजूंनी वर येऊन पाठ झाकते, म्हणून तर ती इतकी गुळगुळीत! मालदीव बेटांतले लोक ती काढीत, खड्ड्यात पुरून मांस कुजवीत आणि रिकामे घर बंगाल्यात तांदळाच्या बदल्यात देत. जीव गेला तेव्हा कवचाला मोल आले.

आणि मोल तरी किती? भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) कोष्टक आहे : २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. म्हणजे निष्काला २०,४८० कवड्या. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता सांगतो, मालदीवात सोन्याच्या एका दीनाराला ४,००,००० कवड्या मिळत. आफ्रिकेतल्या माली देशात मात्र १,१५०. कवडी तीच, सोने तेच. तेव्हा मोल कवडीत नव्हते, व्यवहारात होते.

कोणी म्हणेल, "बुवा, व्यवहाराला मोल लागतेच की! फुकट का भाजी मिळते?" खरे आहे. व्यवहारापुरते मोल खोटे नव्हे. पण पुढचे ऐका. याच कवड्या युरोपातल्या व्यापाऱ्यांनी गलबते भरभरून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेल्या आणि त्या मोजून माणसे विकत घेतली. आईपासून लेकरू तुटले ते या कवचांवर! ब्रिटिश पार्लमेंटाने तो व्यापार १८०७ साली कायद्याने बंद केला. पुढे झांजीबारकडून दुसऱ्या जातीच्या कवड्यांचे ढीग तिकडे गेले आणि कवडीचा भाव कोसळला. कवडी कवडीमोल झाली. विकलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

येथे सिद्धान्त असा. जे दिले-घेतले जाते त्याला मोल लावावे. जो मोल लावतो, त्यालाच तागडीत कसे घालणार? द्रष्टा कधी दृश्य होत नाही. माणसाने कवडीला मोल दिले. उलट कवडीने माणसाचे मोल करणे हा अधर्म.

आपण गुलाम विकत नाही, बरोबर. पण घरच्या गड्याला, थकल्या म्हाताऱ्याला "कवडीच्या किमतीचा नाही" असे सहज बोलून जातो. माउली, वारीत अनोळखी माणसाच्या पाया पडताना आपण त्याचे मोल विचारतो काय? तीच रीत घरीही चालू द्या.