न बोलणाऱ्याची वेदना ओळखणे, हीच सेवा



विनोबांनी जबलपूरला ‘संस्कारधानी’ म्हटले. आजही या शहरात संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदामाईची आरती होते, दिवे प्रवाहात सोडले जातात, आणि आपल्यापैकी अनेक जण तेथून शांत मनाने घरी परततात. आज आपण त्या घराविषयी बोलू या. कारण संस्काराची खरी परीक्षा घाटावर होत नाही, घरातल्या एका खाटेजवळ होते.

असे एक घर डोळ्यांसमोर आणा. नागपूरकडून लग्न होऊन जबलपूरला आलेल्या आजी. वय ऐंशीच्या घरात. चार-पाच वर्षांपासून स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया. मुलाचे नाव कधी आठवते, कधी नाही. गेल्या पंधरा दिवसांपासून त्या अंघोळीला नेताना ओरडतात, सुनेचा हात झटकतात, एकदा तर तिला चावल्याही. सून विचारते, “आई, दुखतंय का कुठे?” आजी म्हणतात, “नाही.” मग घरात निष्कर्ष निघतो: आजार वाढला, स्वभाव बिघडला. झोपेचे औषध मागायला मुलगा डॉक्टरांकडे जातो. आणि एके दिवशी नात सहज आजीचे पाय चेपायला बसते, तेव्हा कळते की उजवा गुडघा सुजून गरम झाला आहे.

आजी खोटे बोलत नव्हत्या. ‘दुखणे’ हा शब्द आणि गुडघ्यातली कळ यांना जोडणारा धागा त्यांच्या मेंदूत तुटला होता. वेदना मात्र शाबूत होती.

एकनाथ महाराजांनी काय पाहिले?

संत एकनाथांची ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. काशीहून गंगाजलाची कावड रामेश्वराला नेताना वाटेत, तापलेल्या वाळूत, तहानेने तडफडणारे गाढव त्यांना दिसले. त्यांनी ती कावड त्याच्या मुखी रिती केली. आपण या कथेतून दया शिकतो, ते योग्यच. पण दयेच्या आधी एक गोष्ट घडली होती, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. त्या मुक्या जीवाने पाणी मागितले नव्हते. मागण्यासाठी त्याच्याजवळ वाणीच नव्हती. नाथांनी त्याची तडफड पाहिली आणि तिचा अर्थ लावला. इतर यात्रेकरूही त्याच वाटेने गेले असतील. डोळे त्यांनाही होते.

वाणी हरपलेल्या माणसाची सेवा करताना पहिली साधना हीच आहे: पाहणे.

वेदना रूप बदलून येते

भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासाने मांडला. यांपैकी बहुतेकांची काळजी घरचेच घेतात. या वयात संधिवात, दुखरे दात, न बसणारी कवळी, बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, पाठीवरचे शय्याव्रण, यांपैकी काही ना काही असतेच. सांगता येत नाही, म्हणून ते ओरडण्यातून, मारण्यातून, न जेवण्यातून, रात्रभर येरझाऱ्या घालण्यातून, किंवा अगदी गप्प होण्यातून बाहेर पडते.

नॉर्वेमध्ये 18 शुश्रूषागृहांतील 352 स्मृतिभ्रंशग्रस्तांवर एक अभ्यास झाला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर आठ आठवडे पद्धतशीर वेदनेचा उपचार केला, त्यांची अस्वस्थता इतरांच्या तुलनेत लक्षणीय कमी झाली. प्रत्येक चिडचिड वेदनेमुळेच असते, असा याचा अर्थ नाही. पण ‘आजारच तसा आहे’ असे म्हणण्यापूर्वी वेदना शोधली पाहिजे, एवढे यातून नक्की कळते.

पाच ठिकाणी पाहा

डॉक्टर आणि परिचारिका यासाठी एक साधे मोजमाप वापरतात. त्याचे नाव ‘पेनॅड’, ते 2003 मध्ये तयार झाले. पाच गोष्टी पाहायच्या आणि प्रत्येकीला 0, 1 किंवा 2 गुण द्यायचे.

1. श्वास: सहज आहे, मधूनमधून धाप लागते, की आवाज करत जोरात चालतो?
2. आवाज: शांत आहेत, कण्हतात, की पुन्हा पुन्हा ओरडतात, रडतात?
3. चेहरा: सैल आहे, भ्यालेला किंवा आठ्या पडलेला आहे, की वेदनेने पिळवटलेला?
4. शरीर: मोकळे आहे, ताठरलेले आणि चुळबुळणारे आहे, की मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी ओढलेले, हात लावताच झटकणारे?
5. धीर: समजूत घालावीच लागत नाही, बोलण्याने वा स्पर्शाने शांत होतात, की कशानेच होत नाहीत?

एकूण दहांपैकी गुण येतात. एकदा स्वस्थ पडलेल्या असताना पाहा, एकदा कूस बदलताना किंवा चालवताना पाहा. बसल्या जागी शून्य असलेला आकडा उठताना सहा झाला, तर तीच मोठी बातमी आहे.

येथे आपल्या हातातला मोबाईल उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियातील पर्थच्या कर्टिन विद्यापीठातील संशोधकांनी ‘पेनचेक’ नावाचे ॲप विकसित केले. त्यात फोनचा कॅमेरा चेहऱ्यावरील सूक्ष्म आकुंचने टिपतो, आणि आवाज, हालचाल, वागणूक वगैरेंची नोंद काळजी घेणारा करतो. असे ॲप आपल्याकडे नसले तरी अडत नाही. साध्या फोनवर रोज दोन वेळा गजर लावा, पाच मिनिटे पाहा, पाच आकडे लिहा, आणि सोबत काय चालले होते तेही लिहा: “सकाळी 8, अंघोळ, 6 गुण.” आठवड्याची अशी नोंद डॉक्टरांसमोर ठेवली, की ‘आई फार त्रास देतात’ या तक्रारीच्या जागी ‘आईंना सकाळी उठताना त्रास होतो’ ही माहिती जाते. मंडला, दिंडोरी, नरसिंहपूरहून म्हाताऱ्या माणसाला दर वेळी जबलपूरला आणणे सोपे नसते. अशा वेळी सरकारच्या ‘ई-संजीवनी’वरून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो, आणि तेव्हा ही नोंदच आजींच्या वतीने बोलते. काळजी घेणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ हा प्रशिक्षणक्रमही आहे.

काही पथ्ये मात्र पाळा. आकडा हा इशारा आहे, निदान नव्हे. स्वतःच्या मनाने वेदनाशामक देऊ नका. काही गोळ्या म्हातारपणी मूत्रपिंडाला आणि जठराला घातक ठरतात. गोळी कुटून देण्यापूर्वीही विचारा. चित्रफीत घ्यायची तर डॉक्टरांना दाखवण्यापुरतीच घ्या. अंगावरचे वस्त्र नीट करा, आणि ती नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. आपल्या आईची लाज आता आपल्या हाती आहे.

तिच्या भाषेत विचारा

जबलपूरच्या मराठी घरांत आणखी एक गोष्ट घडते. नातवंडे हिंदीत वाढलेली असतात, आणि स्मृतिभ्रंशात अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी सुटते. आजी माहेरच्या मराठीकडे परततात. “दर्द हो रहा है क्या?” या प्रश्नाला त्या नुसत्या पाहत राहतात. मराठीत तर वेदनेला किती नावे आहेत! कळ, ठणका, सल, चमक, शिणक, हुळहुळणे, टोचणे. जागेवर हलका हात ठेवून विचारा, “आई, इथं ठणकतंय का?” कदाचित तोच शब्द आत कुठे तरी पोहोचेल. हे शब्द कोणत्याही ॲपला येत नाहीत. ते घरातल्या थोरांनी मुलांना शिकवायचे आहेत.

‘भोग आहेत’ असे म्हणू नका

आता एक कटू गोष्ट. आपल्यासारख्या श्रद्धावान घरांत असे वाक्य ऐकू येते: “प्रारब्धाचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे.” स्वतःच्या दुखण्याविषयी कोणी धीराने असे म्हटले, तर ती तितिक्षा आहे. दुसऱ्याच्या दुखण्याविषयी म्हटले, तर तो आपला आळस आहे, त्यावर आपण अध्यात्माचे वस्त्र पांघरतो. त्यांचे प्रारब्ध आपल्याला ठाऊक नाही. आपल्यासमोर आलेले कर्तव्य मात्र ठाऊक आहे. गाढवाचे पूर्वकर्म मोजत नाथ उभे राहिले नाहीत.

नामस्मरणाविषयीही असेच. भजन लावल्यावर आजी शांत होतात, हा नित्याचा अनुभव आहे, आणि तो मोलाचा आहे. पण त्या शांत झाल्या म्हणून गुडघा बरा झाला असे नाही. भजनही म्हणा आणि डॉक्टरांनाही विचारा. दोन्ही सेवा एकाच मातेची आहेत.

आपण ध्यानात साक्षीभावाचा अभ्यास करतो. मनात विचार येतो, आपण त्यात न वाहता त्याला पाहतो. आई ओरडते तेव्हा हाच अभ्यास उपयोगी आणा. “ही मला छळते” हा विचार येईल, त्याला जाऊ द्या, आणि चेहरा पाहा, मुठी पाहा, श्वास ऐका. राग ज्या क्षणी निरीक्षण होतो, त्या क्षणी सेवा सुरू होते.

जी सेवा करते, तिच्यासाठी

भगिनींनो, विशेषतः घरच्या सुनांनो आणि लेकींनो, तुमच्याशी एक शब्द. “इतके दिवस दुखत होते आणि मला कळले नाही” ही टोचणी तुमच्यापैकी अनेकींच्या मनात असेल. तुम्हाला कोणी शिकवले नव्हते. आज कळले, आजपासून पाहा. थकलात तर तसे सांगा. ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, आणि मनावरचा ताण असह्य झाला तर 14416 या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

आणि सत्संगातल्या बाकी सर्वांना विनंती: आपल्या केंद्रातली एखादी भगिनी काही महिन्यांपासून आलेली नाही, कारण घरी अशी आई आहे, हे तुम्हाला माहीत असते. तिची अनुपस्थिती मोजू नका. आठवड्यातून दोन तास कोणी तिच्या घरी बसावे, म्हणजे ती घाटावर जाऊन येईल. पाळ्या फोनवरच ठरवता येतात.

पुंडलिकाने दाराशी आलेल्या भगवंताकडे वीट सरकवली आणि आई-वडिलांचे पाय चेपत राहिला. पांडुरंग त्या विटेवर आजही उभा आहे. म्हणून सेवेमुळे साधना चुकली, असे मनात आणू नका.

या आठवड्याचा संकल्प एवढाच असू द्या: ज्यांच्या घरी असे वृद्ध आहेत, त्यांनी सात दिवस, रोज दोन वेळा, पाच मिनिटे त्यांच्याजवळ बसून फक्त पाहावे आणि लिहून ठेवावे. नर्मदामाई आपल्या दृष्टीला ती कोमलता देवो, जी न मागितलेली तहान ओळखते.