सवालीरामचं टपाल

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचं पथक यायचं ठरलं की महाविद्यालयात फायलींची शोधाशोध सुरू होते. तिसऱ्या निकषात संशोधन आणि विस्तार शेजारी शेजारी बसवलेले असतात. शोधनिबंध मोजता येतात, पुरस्कारांची प्रमाणपत्रं जोडता येतात. विस्तारकार्याच्या वाट्याला येतं रक्तदान शिबिर, दत्तक गाव आणि बॅनरसमोरचा फोटो. संशोधनातून उरलेलं शहाणपण लोकांना वाढायचं, म्हणजे विस्तार, असा समज यामागे आहे. मला तो मुळातच उलटा वाटतो. विस्तारकार्य मन लावून केलं, तर त्यात प्राध्यापकाचंच ज्ञान तपासलं जातं.

दिल्ली विद्यापीठात हे एकदा मोठ्या प्रमाणावर घडलं. 1972 मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी मध्य प्रदेश सरकारकडून होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवायची परवानगी मिळवली. किशोर भारती उभारणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले जीवरसायनशास्त्रज्ञ. त्या संस्थेतली काही मंडळी सुरुवातीला मदतीला होती, आणि प्रयोगातून भौतिकशास्त्र शिकवण्याची दिशा दाखवणाऱ्यांत डून स्कूलचे बी. जी. पित्रे होते. 1973 पासून दिल्ली विद्यापीठातले विज्ञानाचे शिक्षक येऊ लागले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना या कामासाठी फेलोशिप दिल्या. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. रविवारची समाजसेवा म्हणून त्यांना पाठवलं नव्हतं. ते प्राध्यापकाचंच काम मानलं गेलं होतं.

गावात प्रयोगशाळा कुठून असणार? फुलाचे भाग सुटे करायला सुई हवी, तर बाभळीचा काटा घेतला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. मुलं चौघाचौघांच्या टोळीत काम करत. एकच टेबल सगळ्यांनी मोजलं की प्रत्येकाचा आकडा थोडा निराळा येतो. ‘खरं उत्तर कोणतं?’ असं मुलाने विचारल्यावर बाईंनी काय सांगायचं? पदवीच्या वर्गात आपण ‘एरर’ हा शब्द टाकून पुढे जातो. इथे पळवाट नव्हती. सगळे आकडे फळ्यावर मांडायचे, बहुतेक कुठे गोळा होतात ते पाहायचं, आणि मोजमापात घट-बढ असतेच हे सहावीतल्या मुलाच्या हाती द्यायचं. ते देण्यासाठी आधी प्राध्यापकाला स्वतःशी स्पष्ट व्हावं लागतं. परीक्षाही पुस्तक उघडं ठेवून आणि प्रयोगासह व्हायची, त्यामुळे पाठांतराचा आधार शिक्षकालाही उरला नाही.

प्राध्यापकाच्या ज्ञानाचा कस सवालीरामकडे लागायचा. सवालीराम हा कार्यक्रमातला मानलेला माणूस. मुलं त्याला पत्रं लिहीत, आणि उत्तर त्याच्याच सहीने जाई. त्या सहीमागे जाणकारांचा गट असे. समजा, एखाद्या मुलीने विचारलं की कच्चं केळं पिकलं की गोड कसं होतं. ‘स्टार्चची साखर होते’ हे वाक्य तिच्या काही कामाचं नाही. कच्च्या केळ्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाक, पिकलेल्यावर टाक, निळा-काळा रंग कुठे गडद येतो ते बघ, असं सांगावं लागेल. मग तिने ‘पण ही साखर होते कशी?’ असं पुन्हा लिहिलं, तर? तिथे पीएच.डी. मिळवलेल्या माणसालाही पुस्तकं काढावी लागतात. वर्गातला विद्यार्थी गुणांच्या भीतीने जे विचारत नाही, ते हे पोस्टकार्ड विचारतं. (आपल्याकडच्या किती विभागांत असं टपाल येतं?)

1978 मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला. त्याच वर्षी टेल्कोमधून रजा घेऊन अरविंद गुप्ता तिथे पोहोचले. आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबची त्यांची खेळणी तिथल्या कामातून निघाली. मराठी मुलांना ते पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेमुळे ठाऊक आहेत. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. पुरस्कार योग्यच; पण तो येईपर्यंत चाळीस वर्षं लोटली होती. वार्षिक अहवालाच्या रकान्यात असं काम मावत नाही, आणि वर्षाच्या आत पुरस्कार मिळावा म्हणून आखलेलं काम बहुधा असं नसतं.

1982 मध्ये एकलव्य ही संस्था निघाली आणि तिने सूत्रं घेतली. दिल्ली विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे विनोद रैना नोकरी सोडून या कामात गेले. 2002 मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम एका आदेशाने थांबलं, आणि त्याचा राग यायलाच हवा.

दिल्लीकडे मात्र काहीतरी परतलं होतं. सद्गोपाल दिल्ली विद्यापीठाच्या शिक्षण विभागात प्राध्यापक झाले. 1994 मध्ये विद्यापीठाने बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.एल.एड. अभ्यासक्रम महिला महाविद्यालयांत सुरू केला. प्राथमिक शाळेत शिकवण्यासाठीही पदवीच्या तोडीचा अभ्यास लागतो, हे त्यात गृहीत होतं. तोवर त्यासाठी दोन वर्षांची पदविका पुरेशी मानली जाई.