साक्ष कोणाची?

लोकप्रतिनिधीचे पहिले कर्तव्य बोलणे नव्हे, तर ऐकणे हे होय. शासनाकडे दाद मागण्याचा अधिकार अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने मान्य केला आहे, आणि परराष्ट्रधोरण वळवू पाहणारे दबावगट त्याचाच आधार घेतात. त्यात मुळात गैर काही नाही. नैतिक प्रश्न उद्भवतो तो बोलविता धनी पडद्याआड राहिला म्हणजे.

१० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये काँग्रेस सदस्यांच्या मानवी हक्क गटापुढे पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने अश्रू ढाळीत निवेदन केले. इराकी सैनिकांनी इस्पितळातील अर्भकांना इन्क्युबेटरमधून काढून थंड फरशीवर मरायला टाकले, हे आपण पाहिले, असे ती म्हणाली. तिचे आडनाव सांगितले गेले नाही. तो गट काँग्रेसची अधिकृत समिती नसल्याने शपथही नव्हती. अनेक सिनेटरांनी ही कहाणी उद्धृत केली, आणि १२ जानेवारी १९९१ रोजी सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धास संमती दिली. जानेवारी १९९२ मध्ये उघड झाले, की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती. हा सारा घाट एका जनसंपर्क संस्थेने घातला होता आणि पैसा मुख्यतः कुवेत सरकारचा होता. पुढील चौकशांत त्या कहाणीला आधार सापडला नाही.

कुवेतवरील आक्रमण खरे होते, तेथील अत्याचारही खरे होते. मग सत्याला असत्याची कुबडी का लागावी? त्याच इराकी राजवटीने मार्च १९८८ मध्ये हलब्जा येथे विषारी वायूने हजारो कुर्दांचे प्राण घेतले होते. त्या वर्षी सिनेटने निर्बंधांचे विधेयक संमत केले. परंतु शासन आणि व्यापारी हितसंबंध आडवे आले, व ते कायद्यात उतरले नाही. कुर्दांचे मृत्यू सिद्ध होते, पण त्यांच्या बाजूने तितका पैसा उभा नव्हता.

परकीय सत्तांच्या प्रतिनिधींनी नोंदणी करावी, असा कायदा अमेरिकेत १९३८ पासून आहे. त्या संस्थेची नोंद सरकारदप्तरी होतीही. उणीव होती ती विचारणाऱ्याची. करुणा हा लोकप्रतिनिधीचा गुण खरा. परंतु समोरच्या अश्रूंमागे कोण उभे आहे आणि कोणाचे अश्रू इथवर पोहोचलेच नाहीत, हे दोन्ही प्रश्न विचारल्याविना ती करुणा दुसऱ्याच्या हातातील शस्त्र होते.