दारात उभं राहिलेलं पोरगं

परवा अभ्यासवर्गात एका पोरानं विचारलं, 'खुन्याच्या बालपणाची चौकशी कशाला? उद्या आपली वस्ती जाळणाराही म्हणेल, माझं बालपण वाईट होतं. सोडायचं काय त्याला?' त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. आता देतो, जमेल तसं.

दोस्तहो, गुन्हा रक्तातच असतो ही थिअरी आपल्याला चांगली ओळखीची. इटलीच्या लोम्ब्रोसोनं १८७६ साली 'जन्मजात गुन्हेगार' मांडला. त्यासाठी त्यानं कवट्या तरी मोजल्या. इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात १८७१ सालीच गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कवटी मोजायचीही गरज नव्हती, जात पुरत होती. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पोरं तारेच्या कुंपणाआड जन्मली, हजेरीतच वाढली. १९२४ च्या कायद्यात तर पोरांना आईबापापासून तोडून वेगळ्या शाळेत टाकायचीही सोय होती.

आता हे बघा. १९४४ साली लंडनच्या डॉक्टर बाउल्बीनं ४४ चोरट्या पोरांचा अभ्यास छापला. त्यातल्या १४ जणांच्यात माया नावाचं काही उरलंच नव्हतं, आणि त्या १४ पैकी १२ जण लहानपणीच आईपासून बराच काळ तुटलेले. म्हणजे चोराला भिणाऱ्या सरकारनं चोर घडवायचा कारखानाच काढला होता! (बाउल्बी सगळं आईच्या माथी मारतो, हा आक्षेप खरा आहे. बाप कुठं होता, भाकरी कुठं होती, हे तो फारसं विचारत नाही.) तरी त्याच कुंपणातली माणसं सोलापूरच्या गिरण्यांत घाम गाळून जगलीच की.

मार खाल्लेला प्रत्येकजण मारेकरी होत नाही. अमेरिकेत विडमबाईनं १९८९ साली छळ आणि हेळसांड झालेल्या पोरांची पाहणी मांडली. पुढं हिंसेच्या गुन्ह्यात पकडले गेले शंभरात ११. तसल्याच पण छळ न झालेल्यांत ८. फरक आहे, पण उरलेल्या ८९ जणांचं काय? बालपण ढकलतं. हात धरून सुरा चालवत नाही.

पण वस्ती जाळणारा बहुतेक वेळा पोरका नसतोच. त्याच्यासाठी बांडुरा वाचा. १९६१ साली त्यानं लहान पोरांपुढं मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला बडवायला लावलं. पोरांनी तेच उचललं. १९६५ च्या प्रयोगात बडवणाऱ्याला शिक्षा झालेली ज्या पोरांनी पाहिली, त्यांनी नक्कल कमी केली. पण बक्षीस देऊ केल्यावर तीही सगळं करून दाखवू लागली. म्हणजे शिकलेली होतीच, फक्त दबून होती.

आपल्या गावात काय होतं? बाप आपल्या माणसाच्या पाठीत काठी घालतो, आणि संध्याकाळी जमादार त्याच ओसरीवर बसून चहा पितो. पोरगं दारात उभं राहून बघतं. म्हणून १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा मला बालमानसशास्त्राचाही कायदा वाटतो. बापाला शिक्षा होणं हे पोराचं शिक्षण आहे. २००६ साली खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली. २००८ च्या निकालात शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटी लागली नाही. जातीपायी मारलं हे कोर्टानं मानलंच नाही. दारातल्या पोरानं त्यातून काय उचललं असेल?

तर त्या पोराला माझं उत्तर असं: बालपण विचारायचं, आणि सोडायचं नाही. मात्र विचारताना आपलंही घर वगळू नका. मीटिंगहून येऊन बायकोवर हात उचलणारा एखादा आपल्यातही असतो. तिथंही दारात पोरगं उभं असतं.