मुक्या जनावराचा विसावा

मागील लग्नसराईत बीड जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही गेलो असता, वरातीसाठी घोडी भाड्याने देणाऱ्या एका गृहस्थाने आम्हांस एकीकडे नेऊन प्रश्न केला, "पाळकसाहेब, घोडी लागोपाठ चार राती वरातीत नाचली. आता दाणा खाईना, अन् पुढच्या पायावर भार देईना. जत्रेत एक जण सांगत होता की ताकदीची सुई मारली म्हणजे दोन दिवसांत उभी राहते. मारली तर पाप आहे का?"

आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. त्या घोडीवर त्याच्या घरची चूल पेटते हे आम्हांस ठाऊक होते; आणि ज्याच्या ताटात भाकर आहे त्याने, ज्याची भाकर धोक्यात आहे त्यास घाईने उपदेश करणे शोभत नाही. म्हणून तो प्रश्न आज वाचकांपुढे ठेवून त्याचा सावकाश विचार करू.

प्रथम ही सुई काय आहे ते पाहावे. ज्यांस अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड म्हणतात ती औषधे म्हणजे नराच्या शरीरात स्वभावतः उत्पन्न होणाऱ्या टेस्टोस्टेरोन नामक द्रव्याची कारखान्यात घडवलेली भावंडे होत. स्टॅनोझोलोल, बोल्डेनोन, नॅन्ड्रोलोन ही त्यांतील काहींची नावे. त्यांच्या योगाने जनावराची भूक वाढते व अन्नातील प्रथिने स्नायूंत अधिक साठतात. दीर्घ दुखण्याने किंवा शस्त्रक्रियेने खंगलेल्या घोड्यांस पशुवैद्य ती देत आले आहेत. परंतु त्यांचे काम आठवड्यांच्या हिशेबाने चालते; दोन दिवसांत जनावर उठवणे हा त्यांचा गुण नव्हे. लंगडणे झटपट थांबवते ती सुई निराळी. ती वेदना व सूज दाबते, पण दुखावलेली शीर त्यामुळे सांधली जात नाही. जत्रेतला विक्रेता दोहोंस 'ताकद' हे एकच नाव देतो.

शिवाय स्नायू फुगले म्हणून हाड व शीर त्याच वेगाने बळकट होत नाहीत. जणू जुन्या गाडीस दुप्पट जोराचे बैल जुंपावे आणि आख मात्र पूर्वीचाच ठेवावा! ही औषधे वारंवार दिल्यास घोडी नरासारखी आक्रमक होते व तिच्या माजाचा क्रम बिघडतो. घोड्याची प्रजननशक्ती क्षीण होते.

आता विसाव्याचा विचार करू. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटास 28 ते 44 पडते. भरधाव धावताना ती 200 च्या वर जाते. श्रमात स्नायूंतील साखरेचा साठा खर्च होतो. तो माणसात सुमारे एका दिवसात भरून येतो, पण घोड्यात त्यास दोन ते तीन दिवस लागतात. घोड्याचा घाम त्याच्या रक्ताहूनही खारट असतो, म्हणून श्रमानंतर त्यास पाण्याबरोबर मीठही हवे. पायाची शीर दुखावली तर ती भरून येण्यास कित्येक महिने जातात. आपल्या जिल्ह्यातील अंबाजोगाईस पूर्वी मोमिनाबाद म्हणत. तेथे निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. घोडदळाची शिस्त अशी की स्वाराने आधी घोड्याचे पाणी व वैरण पाहावी, मग आपली भाकर. ती शिस्त केवळ दयेपोटी नव्हती. थकलेला घोडा धन्यालाही घेऊन पडतो हे त्यांस ठाऊक होते.

हा मोह केवळ गरिबांस होतो असे मात्र कोणी समजू नये. सन 2008 मध्ये अमेरिकेत 'बिग ब्राऊन' नावाच्या घोड्याने केंटकी डर्बी ही थोर शर्यत जिंकली. त्याच्या प्रशिक्षकाने उघडपणे सांगितले की आपण त्यास दरमहा स्टॅनोझोलोल देत होतो. तेव्हा तेथे त्यास कायद्याची आडकाठी नव्हती! सन 2013 मध्ये इंग्लंडातील न्यूमार्केट येथे दुबईच्या राजघराण्याच्या 'गोडॉल्फिन' तबेल्यातील अकरा घोड्यांच्या तपासणीत अशीच औषधे सापडली. प्रशिक्षक महमूद अल झरूनी यास आठ वर्षांची बंदी झाली. ब्रिटनने 2015 पासून नियम केला की शर्यतीच्या घोड्यास आयुष्यात केव्हाही असे औषध देऊ नये. ज्यांच्या तबेल्यांत पैशाचा तोटा नाही व वैद्य हात जोडून उभे आहेत, त्यांसही जनावराच्या विसाव्याची वाट पाहवली नाही. तेव्हा या चुकीचे मूळ दारिद्र्यात नसून उतावीळपणात आहे.

कोणी म्हणेल, "घोडी माझी, दाणा माझा, तिला औषध दिले तर बिघडले काय?" औषध देण्यात पाप नाही. प्रश्न इतकाच की ते कोणासाठी दिले? जे औषध पशुवैद्याने तपासून दिले आणि ज्याबरोबर विसावाही दिला, ते जनावरासाठी आहे. जे औषध विसावा चुकवण्यासाठी टोचले, ते आपल्यासाठी आहे. त्याचे मोल मात्र जनावर भरते. पहिलवान असे औषध घेतो तेव्हा तो निदान आपल्या देहाचा सौदा आपण करतो. घोडीस कोणी विचारले नाही. तिच्यापाशी 'नाही' म्हणण्याचा एकच मार्ग आहे: लंगडणे. वेदना दाबणाऱ्या सुईने आपण तिचा तोही शब्द हिरावून घेतो. आपल्या देशातही प्राण्यांस क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा जनावरास जाणूनबुजून, अकारण अपायकारक द्रव्य देणे हा अपराध मानतो. पण बिग ब्राऊनच्या गोष्टीवरून दिसते की कायदा कित्येकदा मागाहून येतो. विवेकाने त्याची वाट पाहत बसू नये.

शब्बाथाची आज्ञा वाचताना आपण एक गोष्ट विसरतो. तो विसावा केवळ धन्यास दिलेला नाही. बैल, गाढव व सर्व गुरेढोरे यांचाही त्यात वाटा आहे. तेव्हा विसावा ही धन्याची मेहेरबानी नसून जनावराचा हक्क आहे, आणि दुसऱ्याचा हक्क घेणे यास आपण काय म्हणतो हे सांगणे नलगे.

परंतु सारा दोष त्या गृहस्थाच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. मध्यरात्र उलटेपर्यंत बाजाच्या कल्लोळात घोडी नाचवा म्हणून हट्ट कोण धरतो? वरात एक तास लांबली तर आनंद आमचा आणि पाय तिचे. जो घोडी भाड्याने घेतो तोही त्या सुईचा भागीदार आहे. वरात वेळेवर संपवावी, घोडीस सावलीत पाणी व मीठ द्यावे, आणि ती आजारी असल्यास नवरदेवाने पायी जाण्यात कमीपणा मानू नये.

त्या गृहस्थास आम्ही शेवटी इतकेच म्हणालो, "बाबा, सुई मारू नका. तिला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस तिला खुंट्यावर राहू द्या. तोवर घरात दाणा कमी पडला तर आमच्या दाराशी या." हे शेवटचे वाक्य बोलणे आम्हांस सर्वांत जड गेले, कारण त्यात आमचीही भाकर होती. पण ते बोलल्यावाचून पहिली दोन बोलण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.