वस्तीचे नाव

आपल्या वस्तीला 'महारवाडा' हे नाव कोणी दिले? आपण नव्हे. भदंत नागसेन मिलिंद राजाला सांगतात, नाव म्हणजे केवळ लोकव्यवहार. मग ते बदलण्याचा खटाटोप कशाला? कारण लोकांनी ठेवलेले नाव लोकांनाच बदलता येते. ते दैव नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनानेही वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पण आपल्या पाटीवर 'भीमनगर' लिहून शेजारच्या वस्तीला आपणच 'मांगवाडा' म्हणत असू, तर समतेची प्रतिज्ञा ओठांवरच राहिली.

नुसती पाटीही पुरत नाही. आपल्या मुळशीशेजारी मावळात, कार्ल्याच्या लेण्यात, त्या स्थानाचे 'वलुरक' हे नाव दगडात कोरलेले आहे. तरी ते लोकांच्या तोंडून गेले, कारण सांगणारे भिक्खू उरले नाहीत. म्हणून मुलांना सांगा, जुने नाव का टाकले आणि नवे का घेतले.